डेलच्या मागे साथ

८ जाने., गुरु.
आजही वगळलं! ब्लूग्रास, म्हणजे इथलं अमेरिकन गावाकडचं संगीत. त्याच्या जॅममध्ये, एकत्र वाजवायच्या बैठकीत, सोलो मानेवर मिळतो. गाणारा डेल थांबला की बँजोवाली कॅरल ज्याच्याकडे बघून मान हलवेल, त्याची एकट्याने वाजवायची पाळी. मॅन्डोलिनकडे हलली, फिडलकडे हलली. मधल्या खुर्चीत मी, रेझोनेटर गिटार मांडीवर आडवी घेऊन. जणू कोट अडकवायचा स्टँड. उणे वीसमध्ये गाडी काढून त्या चर्चच्या तळघरात जायचं ते यासाठी? निघताना कॅरल म्हणते, "हँग बॅक अ लिटल, हन." जरा मागे राहा म्हणे. आणि वर हन, म्हणजे हनी! तारांवर फिरवायचा माझा स्टीलचा बार फ्रेटच्या पट्टीच्या बरोब्बर वर पडतो, केसभर इकडेतिकडे नाही. कुणाकडे शिकलो नाही, व्हिडिओ थांबवून थांबवून बसवलंय सगळं. फिडलवाल्या रॉनचा वरचा सूर कायम उतरलेला. त्याला मात्र पाळी.

१० जाने., शनि.
शुभाला सांगितलं. बायको आहे, बाजू घेईल असं वाटलं.
"डेल गात असताना तू वाजवतोस?"
"साथ करतो."
"मी फोनवर बोलत असताना करतोस तशी?"
आतून लेक, "बाबा टोटली करतो, आई!"
जेवणापर्यंत दार लावून सराव केला.

११ जाने., रवि.
मुद्दा साधा आहे. नागपूरला काका पेटीवर साथ करायचे, त्यांच्याशेजारी बसून ऐकत मोठा झालो. गवयाने ओळ घेतली की मागोमाग पेटीवर तीच ओळ. गप्प बसणाऱ्या पेटीवाल्याला परत कोण बोलावेल? मी डेलमागे तेच करतो, वर पेटीला न येणारी, सुरावरून सुरावर न तुटता घसरत जाणारी मींड घेऊन. यांना कळत नाही, त्याला मी काय करू?

१५ जाने., गुरु.
पुन्हा तेच. त्यात डेल गाता गाता अडकला. सत्तरी उलटलीय, शब्द विसरला असणार. मी सूर धरून ठेवला म्हणून गाणं पडलं नाही. आभाराचं नाव नको! कॅरल बाजूला घेऊन, "डेल सेज ही माइट क्विट सिंगिंग." आणि बघत होती माझ्याकडे! माझं जाणं बंद. ठरलं.

१७ जाने., शनि.
गुरुवारचं फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. कॅरलला पुरावा पाठवणार होतो. माझा एकही सूर हललेला नाही. पण डेल शब्द विसरलेला नाहीये. तो ओळ म्हणतो, मी मागून तीच वाजवतो. तो थबकतो. पुन्हा म्हणतो, मी पुन्हा. शाळेत फळ्यासमोर उभं करून कुणी दुरुस्त करत असल्यासारखा तो...
पाठवलं नाही.
मींड सुंदरच आहे, हे तरीही म्हणेन.

२२ जाने., गुरु.
गेलो. डेल आला होता. अख्खं कडवं तळहात तारांवर दाबून नुसता ठेका दिला. हे इतकं अवघड असतं हे एकाही व्हिडिओत सांगत नाहीत, कमाल आहे! डेलने श्वास घेतला तिथे दोन सूर टाकले, लगेच हात उचलला. तो अडकला नाही. पुढची ओळ मोकळ्या गळ्याने.
मग कॅरलची मान हलली. मला की शेजारी रॉनला? कळेना. चुकून घुसलो तर परत बोलणी. थांबलो. रॉनही थांबला. पूर्ण फेरी नुसता ठेका, सोलो कुणाचाच नाही.
गाणं संपल्यावर कॅरल, "वुई वेअर ऑल वेटिंग ऑन यू, हन!"
वाजवलं तरी मी, नाही वाजवलं तरी मीच! डेल वाद्याची केस बंद करताना म्हणाला, "सेम साँग नेक्स्ट वीक." एवढंच. हसला की नाही, मिशीत कळलं नाही.
पुढच्या गुरुवारसाठी सोलोची सुरुवात बसवतोय. सूर सरळ. मींड एकच, अगदी शेवटी. ती मात्र काढणार नाही.