दोन सिंगलमधली फट

३ जून, सकाळी
आजपासून समाजकार्य. एका घरमालकाने दोन पुरुषांना 'आम्ही फक्त फॅमिलीला देतो' म्हणून घराबाहेर काढल्याची बातमी वाचली आणि रक्त तापलं. (ब्लडप्रेशरची गोळीही राहिली होती.) पोस्ट लिहिली : 'प्रेम करणाऱ्यांना दार लावतो तो माणूस नव्हे, कुलूप!' डीपीला इंद्रधनुष्य लावलं. गाद्यांच्या कारखान्याचा मालक असं काही लिहील असं कुणाला वाटलं नसणार. मलाही वाटलं नव्हतं.

४ जून
धाकट्या भावाने पोस्टवर लाल बदाम टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. चला, विचार घरापर्यंत पोचतायत.

६ जून
'सत्यवक्ता' नावाचा एक इसम मागे लागलाय. डीपीला वाघ. म्हणतो, दुसऱ्याच्या घरात सगळं सोपं असतं काका, तुमच्या घरात कुणी गे निघाला तर? मी ठणकावलं : निघाला तर माझ्या आईला मीच सांगेन, छाती पुढे काढून! लोकांनी डोक्यावर घेतलं. ही म्हणाली, छाती मागाहून काढा, आधी पोट आत घ्या.

९ जून
धाकटा कारखान्यात आला. सोबत त्याचा रूममेट, तो चष्मेवाला. भाडं वाचावं म्हणून चार वर्षं एकत्र राहतात, अशी आमची समजूत. धाकट्याने शिलाई मशीन बंद करायला लावलं. म्हणाला, दादा, रूममेट नाही रे. आम्ही एकमेकांचे आहोत. तुझी पोस्ट वाचली म्हणून धीर झाला. नवीन घर घेतलंय, रविवारी आईला न्यायचंय, पण सगळं ठाऊक असताना तिने यावं. तू चारचौघांत लिहिलंयस ना, मग तूच सांग तिला. आणि हो, एक डबल गादी हवीय. तुझ्या हातची.
मी म्हटलं, अर्थात!
माझे कान तिखट. दारात उभं राहून कुठल्या गादीची स्प्रिंग सैल आहे ते सांगतो. 'एकमेकांचे आहोत' हे वाक्य मात्र दोनदा म्हणायला लावलं. बाकी मी अजिबात दचकलो नाही. खुर्ची आधीपासूनच मोडकी होती.

१० जून
आज सांगायचंच. आई भाजी निवडत होती. प्रस्तावना केली : आई, जग बदलतंय. ती म्हणाली, बदलू दे, तू आधी तो गळका नळ बदल.
नळ बदलला. अशा विषयात घाई बरी नव्हे.
संध्याकाळी सत्यवक्त्याला असा सोलून काढला की बोलतीच बंद. (त्याने मला ब्लॉक केलं.)

११ जून
सुवर्णसंधी! आईनेच विचारलं, धाकट्याला नव्या घरात काय देतोयस? तोंड उघडलं. बाहेर पडलं : दोन सिंगल गाद्या.
आई बघतच राहिली. मग म्हणाली, बरं.
थंड डोक्याने पाहिलं तर यात डावपेच आहे. दोन सिंगल शेजारी ठेवल्या की झाली डबल. साप मेला, काठीही शाबूत.

१३ जून
गाद्या पोचल्या. धाकट्याचा फोन. रागावला नाही, तेच वाईट. म्हणाला, दादा, गिऱ्हाइकाला तू काय सांगतोस? मला तोंडपाठ आहे. 'दोन सिंगल जोडून कधी झोपू नका. मधे फट पडते, आणि दोघंही तिला भिऊन कडेला सरकतात.' मग म्हणाला, राहू दे, रविवारी येऊ नकोस. आईलाही काही सांगू नकोस. आमचं आम्ही बघू.
यावर चिंतनपर पोस्ट टाकली : 'समाजातली फट'. भरपूर शेअर झाली. बदाम आला नाही.

१४ जून, दुपारी
कारखान्यात आमचे जुने कारागीर एका डबल गादीला काठ शिवत होते. कुणाची म्हटलं, तर म्हणाले, तुमच्या आईंची ऑर्डर. फोन आला होता : धाकट्याला आणि त्याच्या त्याला द्यायचीय, ऐसपैस करा. सिंगल परत आणा. मोठ्याला विचारत बसू नका, तो क्रांतीत असतो.
तडक घरी. आई, तुला माहीत होतं?
म्हणाली, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर तो चष्मेवाला डोळ्यांत थेंब घालायला येत होता. एवढंही दिसू नये? तू कधी तोंड उघडतोस याची वाट बघत होते. तू नळ बदललास.

१५ जून, रविवार
गादी लिफ्टमध्ये मावेना. एक टोक कारागिरांकडे, एक माझ्याकडे. प्रायश्चित्त म्हणायला जिना बरा पडतो. आई पुढे, मोकळ्या हाताने, सूचना देत.
धाकट्याने दार उघडलं. आईला हात धरून आत नेलं. मला म्हणाला, डिलिव्हरीवाले, चपला बाहेर.
काढल्या.
गादी पसरली, दाबली, कान लावून ऐकली. एकही स्प्रिंग कुरकुरली नाही. आता बोलायचं, छाती पुढे काढून. सगळे थांबले. मी म्हणालो, वर्षातून दोनदा उलटीपालटी करत जा, टिकते.
धाकटा हसला. जुनं, शाळेतलं हसू. चष्मेवाल्याने पाणी दिलं आणि म्हणाला, बसा ना दादा. मला 'दादा' म्हणाला.
निघताना धाकट्याने बजावलं, यावर पोस्ट नको. म्हटलं, छे, मी काय तसला आहे?
फोटोसुद्धा काढला नाही.
काढला. टाकला नाही.
मोबाइल आईच्या पिशवीत आहे.