पोळ्याच्या जोडीची माती

१८ ऑगस्ट
तळेगावहून थेरपीवाल्या बाई आल्या. ह्यांना अर्धांगवायू झाल्यावर संदीपनेच शोधल्यात. "रोज तासभर मातीकाम करू द्या काकू. हातात ताकद येईल, मनही मोकळं होईल." बैल विकल्यापासून आपण पोळ्याला मातीचीच जोडी पुजतो, तर यंदाची ह्यांनी करायची, असं ठरलं. माती मळून द्यायचं काम माझं.
उजवा हात गेलाय. नेमका तोच. माझा डावा कान ह्याच हाताने फुटला, संदीप पोटात असताना. बाईंना सांगितलं नाही.

२० ऑग.
इंद्रायणीकाठची माती आणली, चाळली, तडकू नये म्हणून कापूस कुटून घातला. इंदुरीच्या अंगणवाडीत पोरांना नाग, गणपती शिकवण्यात जन्म गेला, मातीतलं मला कळतं. ह्यांना साधी गोळी वळेना. मी बघत बसले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२५ ऑग.
आज पाणी कमी घातलं. कापूस नाहीच. "पानी... घाल..." शब्द तोंडातच घोळत होते. मी डावा कान पुढे करून बसले.

१ सप्टें.
एक बैल कसाबसा झाला. वाळताना शिंगं गळाली, पाठ तडकली. हे रडले. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.
सून म्हणाली, "आत्या, परत करू द्या आबांना, लय नाद लागलाय."
मला दोन घास जास्त गेले.

८ सप्टें.
मीही एक केला. मऊ मातीचा, कापूस घालून. वशिंड, घुंगरमाळ, सगळं. मुद्दाम ह्यांच्यासमोर फळीवर ठेवला. माझी डोकेदुखी थांबलीय. बाई म्हणतात ते खरं आहे, मातीने मन हलकं होतं.

१५ सप्टें.
बाईंनी मातीचा गोळा दाबून पाहिला. "इतकी घट्ट का?" मग आपला हात ह्यांच्या उजव्या मुठीत देऊन दाबायला लावला आणि हसल्या. "छान केलंत काकू. मऊ मातीने एवढी पकड आली नसती. अशीच देत राहा."
संदीप माझ्या पाया पडला.

२० सप्टें.
ह्यांची जोडी उभी राहिली. शिंगांसकट.
ताट द्यायला वाकले तर ह्यांनी उजव्या हाताने मनगट धरलं. सुटेना. सून दारातून टाळ्या वाजवत होती. ती आत गेल्यावर म्हणाले, "पानी कमी घालत हुतीस. कळत हुतं मला." शब्द स्पष्ट होते.
मनगटावर चार बोटं उठलीत. बांगड्या पुढे ओढल्या.

२१ सप्टें. भाद्रपदी पोळा
पूजा झाली. नैवेद्य झाला. संदीप म्हणतो, "आता थांबायचं न्हाई आई, उद्यापास्नं परत माती."
घमेल्यात माती काढलीय. तांब्या भरून ठेवलाय. मऊ दिली तर मी घाबरले हे ह्यांना कळेल. घट्ट दिली तर हात आणखी...
हाक मारतायत. मला ऐकू येतंय.