‘दार उघड, डोरीन’मधला हातोडा आणि माझं घर

मी, हेप्झिबा ट्रँटर, वय चौऱ्याहत्तर, विधवा, धंदा साखळ्या घडवण्याचा, राहणार क्रॅडली हीथ, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. कोणी दबाव टाकलेला नाही, टाकून बघावा. शाळा अर्धीच झाली म्हणून अक्षर वाकडं आहे. वकीलसाहेबांनी काही ओळी गाळायला सांगितल्या होत्या. त्या गाळलेल्या नाहीत.

कलम १. गेल्या वर्षी मार्चमध्ये केलेलं माझं मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात सगळं घर नातू रॉयस्टनला आणि माझा एकुलता एक मुलगा होरेस याला कोळशाची बादली दिली होती. त्या दिवशी बादलीसुद्धा जास्त वाटली होती. होरेस ओतकामाच्या कारखान्यात मुकादम आहे. पोराला त्याने तिथेच उमेदवारीला लावलं. तिथे उमेदवारीची पाच वर्षं भरली की सगळं खातं हातोडे आपटत पोराला फाटकापर्यंत निरोप देतं, आणि मग तो कारागीर. रॉयस्टनने चार वर्षांतच काम सोडलं आणि डोळ्यांभोवती रुपेरी रंग फासून बँडमध्ये गायला लागला. होरेसने त्याची कपड्यांची पेटी रस्त्यावर ठेवली. म्हणाला, "ज्याच्यासाठी हातोडे वाजले नाहीत, तो माझ्या टेबलावर जेवणार नाही." पोरगा माझ्याकडे आला. मी चार बटाटे जास्त उकडले.

कलम २. माझा हातोडा आणि लहान ऐरण रॉयस्टनला. त्याच्या बँडच्या ‘दार उघड, डोरीन’ या गाण्याच्या रेकॉर्डवर जो ठोका ऐकू येतो तो यांचा आहे, पाकिटावर छापलेलं नसलं तरी. बँडच्या पोरांची तालीम मागच्या अंगणात, माझ्या भट्टीशेजारी चालायची. ढोलवाला दर कडव्याला जास्तच पळायचा. शेवटी मी म्हटलं, "काय रे, गाडी चुकतेय का तुझी?" आणि ऐरणीवर ठोका धरला. दोन जड, एक हलका, कडी जोडताना पडतो तसा. पन्नास वर्षं तो धरलाय, चुकला असता तर बोटं गेली असती. रॉयस्टन म्हणाला, "आजी, थांबू नकोस."

लंडनला रेकॉर्ड करताना एका चष्मेवाल्या साहेबाने मला खुर्ची दाखवली. "आजीबाई, तुम्ही चहा घ्या, हा आवाज आम्ही यंत्रातून काढतो." दुपारपर्यंत काढत बसले. मग मला बोलावणं आलं. मी म्हटलं, चहा संपवून येते.

कलम ३. माझं श्रवणयंत्र इथल्या कामगार क्लबचे कार्यक्रम-चिटणीस सेप्टिमस गार्बेट यांना. फेब्रुवारीत त्यांनी दोन गाण्यांनंतर पोरांचा माइक काढून घेतला, त्यांना घरी पाठवलं आणि हाउझीचे आकडे पुकारायला लागले. मला म्हणाले, "हेप्सी, याला गाणं म्हणतात? मला वाटलं स्वयंपाकघरात भांडी पडली." जूनमध्ये तेच गाणं देशात पहिल्या नंबरवर गेलं आणि तीन आठवडे हललं नाही. शाळेच्या पोरी रस्त्याने पाय आपटत जायच्या. खाटकाचा सुरा त्याच तालावर पडायचा. चॅपलमधल्या बायका नाकं मुरडायच्या आणि बाकावर बोटं वाजवायच्या. गार्बेट टोपी हातात घेऊन दारात आले. "हेप्सी, पोरांचा एखादा शनिवार मिळेल का?" मी म्हटलं, "हाउझी झाली की बघू." यंत्राची गरज त्यांना माझ्याहून जास्त आहे.

कलम ४. घर. पहिला नंबर लागला त्या सोमवारी रॉयस्टन आपला हत्यारांचा डबा आणायला कारखान्यात गेला. होरेस काही बोललाच तर उत्तर द्यायला मी सोबत गेले. पोरगा डबा घेऊन निघाला, आणि एका साचेवाल्याने लोखंडी टेबलावर घण मारला. दोन जड, एक हलका. मग शेजारच्याने. मग सगळ्या खात्याने, दोनशे माणसांनी. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. उमेदवारी अर्धी टाकणाऱ्या कोणालाही असा निरोप तिथे कधी मिळालेला नाही.

होरेस हाताची घडी घालून उभा होता. कोणीतरी विचारलं, "काय मुकादम, हात दुखतो का?" त्याने समोरचा हातोडा उचलला आणि एकदा मारला. ताल चुकवून मारला, पण मारला. मग पोराकडे न बघता म्हणाला, "झालं ना आता? रविवारी जेवायला ये. आजीलाही आण." मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते, पण थेट मला सांगायचं त्याला सुचलं नाही.

म्हणून हे घर दोघांना, अर्धं अर्धं. चेहऱ्याचा रंग धुतला जातो आणि लोकांना दर उन्हाळ्यात नवं गाणं लागतं. हे गाणं मागे पडेल त्या दिवशी पोराच्या डोक्यावर छप्पर असावं. आणि होरेसला अर्धं, त्या एका ठोक्याबद्दल. दोघांच्या सह्यांशिवाय घर विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, कौलही बदलता येणार नाही. म्हणजे त्यांना बोलावं लागेल.

कलम ५. बँकेतली शिल्लक माझ्या दफनाला वापरावी, नंतरच्या जेवणात हॅम आणि बिअरची काटकसर करू नये. शवपेटीला पुढून खांदा होरेस आणि रॉयस्टननेच द्यावा. होरेस सहा फूट आहे, पोरगा उंचीला माझ्यावर गेलाय, बुटका. तेव्हा रॉयस्टनने टीव्हीवर घालतो ते वीतभर टाचांचे चंदेरी बूट घालावेत, चॅपलमध्येसुद्धा. होरेसने हरकत घेऊ नये. पेटी कलंडली तर आत मी आहे.

सही: हेप्झिबा ट्रँटर

ही सही तिने आम्हा दोघांच्या समोर केली आणि आम्ही तिच्या समोर. आम्हाला यातलं काहीही मिळणार नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

साक्षीदार: झिला हॉजेट्स, साखळी कामगार, शेजारीण
साक्षीदार: विल्फ्रेड पार्डो, दूधवाला

क्रॅडली हीथ, ९ नोव्हेंबर १९७३