केळीच्या खोलीतला अल्बम

चि. प्रेमराज यास,

सुलक्षणाअक्काचा आशीर्वाद. तुझ्यावर रागावले आहे, तरी आशीर्वादात काटछाट केलेली नाही. तुझी साखर आणि डावा गुडघा ताळ्यावर असतील अशी आशा करते. माझी तब्येत उत्तम आहे. जळगावच्या उन्हाला तिच्याविषयी विचारू नये.

चार महिन्यांपूर्वी पुनमने पुण्याची नोकरी सोडली, तू लेकीशी बोलणं सोडलंस आणि तिला माझ्याकडे पाठवून दिलंस. सिस्टरांच्या शाळेत शिकलेली बहीण पोरीला वळण लावील, असा तुझा हिशोब. (मामांनी मला जळगावला नेऊन त्या शाळेत घातलं आणि तू साक्रीत राहून एसटीत कंडक्टर झालास, याचा दोष तू अजून मला देतोस. मी तेव्हा सात वर्षांची होते.)

मी काम गंभीरपणे घेतलं. पोरगी मित्रांबरोबर इंडी रॉकचा अल्बम करते आहे. म्हणजे कुठल्याही कंपनीला न विचारता, स्वतःच्या हट्टावर. तू फोनवर त्यातलं अर्धं गाणं ऐकलंस, "हाई गानं शे का?" म्हणालास आणि फोन ठेवलास. निंदा करायची तर पूर्ण ऐकून करावी, म्हणून मी लाल पेन घेऊन बसले. पहिल्या दिवशी एक्केचाळीस चुका निघाल्या. गिटारची एक तार सतत कुरकुरते. ड्रमवाला नईम गाण्याच्या आधीच पोचतो. एक गाणं ओळीच्या मधेच तुटतं. का, म्हणून विचारलं, तर म्हणे केळीचा ट्रक आला.

कारण हे सगळं रेकॉर्ड होतं असोद्याला, नईमच्या वडिलांच्या केळी पिकवायच्या खोलीत. भिंती जाड, बाहेरचा आवाज आत येत नाही. माल आला की वाद्यं बाहेर, माल गेला की वाद्यं आत. मी स्वतः जाऊन पाहिलं. मला प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसवलं, दार लावलं, आणि त्या कोंडलेल्या वासाने मला खोकला आला. तो आता तिसऱ्या गाण्यात आहे. काढून टाका म्हटलं, तर नईम अदबीने म्हणाला, "आत्या, उसके बिना गाना अधूरा है." छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, पण माझ्या खोकल्याला असा मान कुणी दिला नव्हता.

दुसऱ्यांदा ऐकलं ते चुका तपासायला. तिसऱ्यांदा हातात पेन नव्हतं. प्रेमराज, मी आयुष्यभर नीटनेटकी गाणी ऐकली. शाळेत एक स्वर घसरला तरी सिस्टर सगळ्या वर्गाला थांबवायच्या. सुरात गाणाऱ्याचा एक डोळा आपल्या कौतुकाकडे असतो, असं मला नेहमी वाटत आलं. पुनमचं तसं नाही. वर जाताना तिचा आवाज फाटतो, तो फाटणार हे तिला माहीत असतं, आणि तरीही ती तिथे जातेच. सुटलेल्या गाडीमागे धावणारा माणूस आपण कसे दिसतो याचा विचार करत नाही. ते ऐकताना माझं दूध उतू गेलं आणि मी ओटा पुसायलाही उठले नाही.

सातवं गाणं नऊ मिनिटांचं आहे. त्यात कविता नाही. तुझ्या धुळे-साक्री गाडीच्या वाटेवरची गावं ती एकामागून एक म्हणते. मोराणे, कुसुंबा, नेर, शेवाळी. आधी हळू, मग ओरडून, मग पुन्हा हळू. सुटीत तू तिला गाडीत शेजारी बसवून न्यायचास, तेव्हा पाठ झालेली. याला वेड म्हणायचं तर म्हण. मी तिला वळण लावणार नाही. त्यासाठी दुसरी बहीण शोध.

तुझी,
सुलक्षणाअक्का

ता. क. तुझा तिकिटांचा जुना पंच कपाटात असेलच. तो दांडीवर टकटक वाजवत तू गर्दीतून पुढे यायचास, तोच ठेका सातव्या गाण्यात हवा आहे. सध्या नईम नेलकटर वाजवतो आणि ते ऐकवत नाही. रविवारी खोली रिकामी आहे. पंच घेऊन ये. कुरिअरने पाठवू नकोस.

आणखी एक. या पत्राचं पुनमला ठाऊक नाही. त्या गाण्यात शेवाळीनंतर ती गप्प होते आणि बराच वेळ नुसते ड्रम वाजत राहतात. विसरली असेल असं समजून मी विचारलं, साक्री कुठे गेली? ती गिटारची वायर गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "शेवटचं गाव बाबा ओरडतात ना, आत्या."