हरलेल्या नोंदी

३ मार्च १९८७, मंगळवार. अर्विंग
फोर्ट वर्थच्या रक्तपेढीतून परत तक्रार. रेकॉर्ड आपोआप बदलतं म्हणे. तिथल्या क्लार्क डोलोरेसबाई, साठीच्या. आज दुरुस्त केलेलं रेकॉर्ड उद्या सकाळी पुन्हा जुनंच. त्यांच्या साहेबाने त्यांनाच लेखी ताकीद दिलीय, निष्काळजीपणाबद्दल. आमचा मॅनेजर रॉन म्हणाला, "आपलं सॉफ्टवेअर ठीक आहे, सुजाता. बाई थकल्यात." मी जाऊन बघते म्हटलं. "वेळ असेल तर जा." वेळ नाहीये. जाणार.

५ मार्च, गुरुवार
फो.व.ला गेले. डोलोरेसबाईंच्या शेजारी खुर्ची टाकून तीन तास बसले. बाई चुकत नाहीत! नावावर बोट ठेवतात, टाइप करतात, परत वाचतात. शिवाय स्वतःची एक वही. प्रत्येक बदल पेन्सिलीने: आधी काय होतं, मी काय केलं, कोणी सांगितलं, किती वाजता.
एक रक्तदाता, रे हॅनली. कावीळ होऊन गेलेली, म्हणून रक्त घ्यायचं नाही. बाईंनी 'घेऊ नये' अशी खूण केली. चारदा. चारही वेळा दुसऱ्या सकाळी गायब.
"मी वेडी नाहीये ना गं?" असं विचारलं त्यांनी. हसत, पण विचारलं.
वहीची फोटोकॉपी आणलीय.

६ मार्च
सापडलं!! इतकं सोपं की लाज वाटली.
दात्यांची यादी डॅलसच्या रक्तपेढीत आणि फो.व.ला, दोन्हीकडे. रोज काम संपलं की दोन्ही मशीन्स फोनलाइनवरून दिवसभरातले बदल एकमेकांना सांगतात. तेच रेकॉर्ड दोन्हीकडे बदललं असेल तर नंतरच्या वेळेचा बदल जिंकतो. आणि हरलेला? तो कुठेच राहत नाही. जणू कोणी केलाच नव्हता.
हा नियम आम्हीच लिहिलाय. त्यातला अर्धा कोड माझा.

९ मार्च
रॉनशी तासभर. मला हरलेली प्रत्येक नोंद ठेवायचीय. रॉन म्हणतो डिस्क भरेल. "आणि अशी टक्कर होते तरी कितीदा? महिन्यातून एखादी."
"तुला कसं कळलं?"
त्याने कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाला, दोन आठवडे देतो, करून दाखव.
पार्किंगमध्ये गाडीत बसून मोठ्याने ओरडले. आनंदाने!

११ मार्च
वहीतले कॉलम जसेच्या तसे घेतले. आधी काय, इथे काय केलं, तिथे काय केलं, कोणी, केव्हा. त्यात माझा एकच: कोण जिंकलं.
'केव्हा'पाशी अडले. बाईंना फोन. "तुमच्या मशीनवर आत्ता किती वाजलेत?" "दोन वाजून चार." डॅलसला फोन. सव्वादोन! माझ्या मनगटावरही सव्वादोन. फो.व. अकरा मिनिटं मागे! म्हणजे पाठोपाठ बदल झाले तर बाई नंतर असूनही हरणार. घड्याळ लावून घेतलं. तरी आता घड्याळावर विश्वास नाही. प्रत्येक मशीनचा स्वतःचा चालू क्रमांकही लिहायचा.

१७ मार्च
दोन दिवस डोकं बंद. टक्करींची नोंद दोन्हीकडे दिसायला हवी, म्हणजे तीही फोनवरून जाणार. मग तिचीच टक्कर झाली तर? टक्करीच्या नोंदीची नोंद, तिची पुन्हा...
मिलिंद मटार सोलत होता, त्याला सांगत बसले. माझा नवरा पूल बांधतो, कॉम्प्युटरशी संबंध नाही. म्हणाला, "पण लिहिलेलं बदलायचंच कशाला? नवीन काही असलं तर खाली नवी ओळ लिहा."
अरे!! फक्त भर घालायची. खोडायचं नाही, बदलायचं नाही. क्रमांकाच्या आधी गावाचं अक्षर. मग टक्कर होणारच कशी?
मि.ला मिठी. मटार जमिनीवर.

२४ मार्च
मुद्दाम टक्कर घडवली. एकाच रेकॉर्डात इकडे 'लाल' लिहिलं, तिकडे 'निळा'. मशीन्स बोलली. प्रिंटर खरखरला आणि एक ओळ बाहेर आली, दोन्ही रंग त्यात! मशीनरूममध्ये नाचले. वळून बघते तर दारात रॉन. ओळ वाचली, कागद फाडून खिशात घातला.

३१ मार्च
खऱ्या डेटावरची पहिली सकाळ. चौदा ओळी! एका दिवसात!
सहावी ओळ हॅनली. फो.व.: घेऊ नये. डॅलस: चालेल. ते माहीतच होतं. पण जन्मतारीखही दोन्हीकडे वेगळी. सत्तावीस वर्षांचा फरक.
बाईंना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग, "सुजाता, ही दोन माणसं आहेत."
बाप आणि मुलगा. नाव एक, पत्ता एक, आणि आपल्याकडे नंबरही एक. डॅलसची क्लार्क मुलाचं बरोबर करत होती, बाई बापाचं. दोघीही बरोबर! आणि नकळत एकमेकींचं पुसत होत्या.
बाईंनी लगेच हॅनलींच्या घरी फोन लावला. कावीळ बापाला झालेली. त्याला डॅलसहून पत्र गेलंय, शनिवारी रक्त द्यायला या. तो येणारही होता, बोलावलंय म्हणजे आता चालत असेल असं समजून. कॅन्सल केलं. "रक्ताच्या टेस्टमध्ये सगळंच सापडतं असं नाही," बाई म्हणाल्या.

२ एप्रिल
हॅनलींना वेगवेगळे नंबर दिले. रॉन खूश, आणि घाबरलेलाही. "रोज चौदा ओळी बघून क्लायंट काय म्हणेल?" महिनाभर चालू ठेवू, मग ठरवू म्हणतो. मी म्हटलं, ओळी बंद केल्या तर टक्करी बंद होतील का?
बाईंच्या साहेबाचं म्हणणं, विषय संपला. ताकीद मात्र फाइलमध्ये तशीच.

१२ एप्रिल, रविवार
वानखेडेकाकांच्या घरी, हॉलमध्ये, चौदा एप्रिलची जयंती, सुट्टी बघून आजच. दरवर्षी कोणीतरी आपल्या कामाबद्दल बोलतं, यंदा मी. घाबरत सुरू केलं, मग थांबेना. काका नागपूरला रेकॉर्ड ऑफिसात होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "आणि त्या बाईंची ताकीद मागे घेतली का?"
नाही, काका.
"मग तुझं काम अर्धंच झालंय, पोरी."


१३ एप्रिल
बाईंच्या साहेबाला पत्र लिहिलं. चूक बाईंची नव्हती, सॉफ्टवेअरची होती, आणि तो भाग मी लिहिलाय. रॉनला दाखवलं. "लेटरहेडवर नको." मग साध्या कागदावर, माझ्या सहीने. त्याने दोनदा वाचलं. नको म्हणाला नाही. पोस्टात टाकलं.

१६ एप्रिल
दुपारी बाईंचा फोन. साहेबाने उद्या दहाला बोलावलंय. कशाला, सांगितलं नाही. "तू येशील?"
रॉनला सांगायला गेले की उद्या सकाळी मी नाही. तो प्रिंटआउट चाळत होता, ३१ मार्चपासूनच्या सगळ्या.
"आठला निघू," म्हणाला. "ड्राइव्ह मी करतो."
"तू काय बोलणार तिथे?"
"अजून ठरलेलं नाही."
प्रिंटआउटच्या तीन कॉप्या काढल्या.