बुल्लेम्माचं नाव लिलावात

आत्रेयपुरम, २० जून

चि. लास्यास, नायनम्माचे आशीर्वाद वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू माझी नात राहत नाहीस. परवा मी तक्रार सांगायला लागले तर म्हणालीस, की आपली अडचण मी समजू शकते. सख्ख्या आजीला 'आपली' म्हणणारी नात मी हैदराबादेला पाठवली नव्हती. कागदावर तरी गावचं बोलशील.

गोष्ट अशी. तुझ्या बापाच्या ओळखीच्या एका बाईने मस्कतहून पूतरेकुलूची, आपल्या पापुद्र्यांच्या मिठाईची, मागणी द्यायला इंटरनेटवर आपलं दुकान उघडलं. तिथे दुकान नाही. एक गोरी मुलगी दात काढून उभी, आणि खाली लिहिलंय की हे नाव विकणे आहे. बाईने घाबरून तुझ्या बापाला विचारलं, की बुल्लेम्मा गेली का. तोही शहाणा सरळ नाही म्हणाला नाही, विचारून सांगतो म्हणाला.

माझ्या नावाचं दुकान इंटरनेटवर मांडलंस तूच. मग इंटरनेटवरच्या दुकानांची नावं विकणाऱ्या कंपनीत फोन उचलायची नोकरी लागली, घरची गिऱ्हाइकं आणा असं कंपनीने सांगितलं, म्हणून आपलं नाव उचलून तिथे नेलंस. मांजराच्या घरी दूध राखायला दिलं आणि आता मिशा बघत बसलोय.

मुदत संपताना पैसे भरू नको असं मीच म्हटलं होतं, ते मला आठवतंय, तू आठवण करून द्यायला नको. शुक्राचा अस्त होता, मूढम चालू होतं. मूढमात माणूस साधी कढई विकत घेत नाही, नाव कसं घेईल? पण मुदतीनंतर महिनाभर कंपनी नाव राखून ठेवते, हे तूच छातीठोक सांगितलंस. तो महिना कुठे गेला?

श्रावणातल्या लग्नांच्या मागण्या याच दिवसांत येतात. त्यावर गल्लीतल्या सगळ्या बायकांचे पापुद्रे काढायचे माठ चुलीवर तापतात. नाव गेलं तर माठ थंड. काय ते खरं लिही.

लोभ आहेच. वाढवायला सवड नाही, आहे तेवढा पुरव.

नायनम्मा


हैदराबाद, २५ जून

ती. नायनम्मास, लास्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वसतिगृहातल्या मैत्रिणींनी दोनदा वाचून घेतलं. मस्कतच्या भागावर हसल्या, मग मी रडले म्हणून गप्प झाल्या.

खरं लिहिते. महिना बिहिना काही नाही. आमच्यासमोर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर ते वाक्य छापलंय: निश्चिंत राहा, महिनाभर नाव आपल्यासाठी राखून ठेवतो. मी ते दिवसभर लोकांना वाचून दाखवते. वाचता वाचता माझाच विश्वास बसला. प्रत्यक्षात मुदत संपली, की चांगलं चालणारं नाव आठवड्याच्या आत लिलावात जातं. तुझ्यावर राजमहेंद्रीच्या एका मिठाईवाल्याने बोली लावली आहे. लिलाव १० जुलैला संपतो, मग नाव त्याचं. मूळ मालकाला त्याआधी परत हवं असेल तर चाळीस हजार. दरवर्षी आपण नऊशे भरत होतो. शिवाय चाळीस हजार भरूनही नाव दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, त्याला यांचं कुलूप.

मी आमच्या खोलीवर देखरेख करणाऱ्या फणींद्र सरांकडे गेले. ते म्हणाले, की नियम सगळ्यांना सारखा. मग हळूच म्हणाले, की जुलैत मला कायम करायचं चाललंय, तेव्हा गिऱ्हाइकांशी नाती सांगत फिरू नये. म्हणून हात जोडते, तू इथे फोन करू नकोस, निदान माझं नाव घेऊन तरी नको. पैशाचं मी बघते.

आधीच जीव नकोसा झालाय. गिऱ्हाइकाने ठेवेपर्यंत आम्ही फोन ठेवायचा नाही, ठेवला तर नोकरी गेली. काल कडप्पाचे एक मास्तर चालू फोन उशाशी ठेवून झोपले. मी त्यांचं घोरणं ऐकत बसले, जेवण राहिलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस. पूतरेकुलूच्या पापुद्र्याइतकी झाली आहे असं वाटतं.

तुझी लास्या


आत्रेयपुरम, ३० जून

चि. लास्यास, आशीर्वाद, आणि रडणं पुरे.

पैशाचं तू बघायचं नाही. ज्याने माझं चोरलं त्याच्याकडूनच मी ते विकत घेणार नाही, मग भाव चाळीस असो की चार. मास्तरांना मात्र माझा नमस्कार सांग. भला माणूस, झोपेतसुद्धा कामाचं सांगून गेला.

तुमच्या कंपनीचा नंबर फुकटचा आहे. शेजारच्या सत्तेम्माने सकाळी लावला, मी लावला, दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीने लावला. आखातातल्या लेकांनी प्रत्येकीला फोन घेऊन दिलाय, ते एरवी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणूनच पडून असतात. मी सांगितलं की मी बुल्लेम्मा, माझं नाव तुमच्याकडे आहे, ते द्या, मी थांबते. आणि फोन माठाशेजारी ठेवून कामाला लागले. पीठ कालवलं, फडकं बुडवलं, माठावरून फिरवलं, पापुद्रा काढला. मधूनच मुलगी विचारायची की अम्मा, आहात ना. मी म्हणायची, आहे गं बाई, नावच तुमच्याकडे, मी जाऊ कुठे.

मुलगी अमलापुरमची निघाली. तिची मावशी माझ्या माहेरच्या गल्लीतली. मावशी कशी नांदते ते मी तिला सविस्तर सांगितलं.

तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही. कधी माझा फोन तुझ्याकडे आलाच तर परक्यासारखी बोल. तेवढं तुला येतंच.

जीव लावून आहे, पण हात पिठात आहेत.

नायनम्मा


हैदराबाद, ८ जुलै

ती. नायनम्मास, शि. सा. न. वि. वि.

तू काय केलंस ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते.

आठवडाभर आमच्या अख्ख्या खोलीत तुमच्या माठांखाली झावळ्या जळण्याचा आवाज भरून राहिला. जिच्या कानात बघावं तिच्या कानात आत्रेयपुरम. दुसऱ्या गिऱ्हाइकांना फोनच लागेना. वरचे साहेब फणींद्र सरांवर ओरडले, म्हणून सरांनी स्वतः तुझा फोन घेतला. तू म्हणालीस, माठ तापलाय, थांबा. ते थांबले. तेवढ्यात सत्तेम्मा आणि तिच्या सुनेचं तुपावरून भांडण सुरू झालं, ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या दिवशी येऊन हळूच विचारत होते, की सुनेने तूप परत केलं का. मग त्यांनी निम्म्या पैशात तोड काढली, तर तू म्हणालीस की निम्म्या पैशात निम्मी बुल्लेम्मा देणार असाल तर कमरेखालची तुम्ही ठेवा, गुडघे दुखतात. खोली तोंडं दाबून हसत होती.

गुरुवारी तुझा फोन माझ्याकडे आला. मी परक्यासारखी बोलले. कागदावरचं महिन्याचं वाक्य वाचलं. तू विचारलंस, की मुली, हे तुला स्वतःला पटतं का. त्याचं उत्तर कागदावर नव्हतं. मी तेच वाक्य पुन्हा वाचायला लागले आणि तू फोन ठेवून दिलास. सगळ्या आठवड्यात तू स्वतः ठेवलेला तो एकच फोन.

आज वरून हुकूम आला. हे गिऱ्हाईक कंपनीला नको. लिलावातून नाव काढा, कुलूप उघडा, ज्या कंपनीत जायचं तिथे जाऊ द्या आणि पुन्हा दारात उभं करू नका. नायनम्मा, इथून सुटायला लोक वर्षभर विनवण्या करतात. हाकलून दिलेली तू पहिलीच. तो हुकूम मीच टंकला. संध्याकाळी नाव नव्या कंपनीत गेलं, दुकान उघडलंय.

मला कायम केलंय. कोणाला काही कळलेलं नाही. पण गुरुवारपासून ते वाक्य तोंडातून निघत नाही, खोकल्याचं निमित्त करते. काय करू ते सांग.

आहे तशीच आपली म्हण.

लास्या


आत्रेयपुरम, १३ जुलै

चि. लास्यास, आशीर्वाद.

दुकान उघडलं. मस्कतच्या बाईने पहिली मागणी दिली आणि मी जिवंत असल्याबद्दल आनंद कळवला. सत्तेम्माच्या सुनेने तूप परत केलं, पण जुनं. फणींद्र सरांना कळवलंस तरी चालेल.

पंचांग बघणाऱ्या सिद्धांतीला विचारलं. तो म्हणतो की मूढमात नवं घ्यायचं नसतं, असलेलं पुढे चालवायला मुहूर्त लागत नाही. आधी का नाही सांगितलं, तर म्हणे विचारलं नाहीत. मी त्याची दक्षिणा कापली. पुढच्या वर्षी मुदतीच्या महिनाभर आधी पैसे भर, शुक्र उगवो नाहीतर बुडो.

आता तुझं. नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. पगार बरा आहे, आणि वसतिगृहातला भात खाऊन तुला शहाणपण येतंय. पण खोकला बंद कर. फोन आला की सांग, की बाबा, महिना वगैरे काही नाही, आजच्या आज भर आणि जमलं तर इथून नीघ. एवढं बोलायला कागद लागत नाही.

त्यापायी काढलं तर काढू देत. त्यांनी मलाही काढलंच की, आणि त्यात माझा काय तोटा झाला ते मी अजून शोधते आहे.

राग धरू नकोस, धरलास तर मुदतीत सोड.

नायनम्मा