दोरी मीच ओढली

प्रिय चिमणे,

अकरा वर्षांनी बापाचं अक्षर बघून दचकू नकोस. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे. एकटाच असल्यामुळे चहा करायला शिकलो. तुझी आई असती तर म्हणाली असती, याला चहा म्हणतात होय.

काल कारखान्याच्या फाटकासमोर साहेबांचा पुतळा उभा राहिला. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. साहेब उभे कसे राहायचे हे विचारायला मूर्तिकार घरी आला होता. मी सांगितलं, हात पाठीमागे बांधून. पुतळ्यात मात्र एक हात पुढे आलाय, पडलेल्याला उठवावं तसा. तेही अगदीच खोटं नाही. तू शिकलीस ती शाळा त्यांनीच बांधली. मला हेल्परचा फिटर केलं तेही त्यांनीच.

सगळ्यात जुना कामगार म्हणून पडद्याची दोरी ओढायचा मान मला दिला, आणि वर दोन शब्द बोला म्हणाले. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या, चार दिवस घोटलेल्या. माइकसमोर गेलो, पहिल्या रांगेत बाईसाहेब बसलेल्या दिसल्या, आणि तोंडातून निघालं, साहेब आम्हाला बापासारखे होते. टाळ्या पडल्या. कागद खिशातच राहिला.

खाली उतरलो तर बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्याची बायको समोर आली. स्फोटात तुझ्या दादाबरोबर तिचाही नवरा गेला. तुझी आई दर वर्षी त्या तारखेला तिच्या दारात जायची. माझ्या लेकाच्या हातून चूक झाली, पोटात घाला, म्हणायची. अंथरुणाला खिळल्यावर मला जा म्हणायची, आणि मी काहीतरी निमित्त काढायचो. काल त्या बाईने माझा हात धरला. म्हणाली, "भाऊजी, तुमच्या मुलावर आता माझा राग नाही. वहिनींना सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगते." मी मान डोलावली. नुसती मान डोलावली, चिमणे.

आता ऐक. बॉयलरमधली जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आठ दिवस अडकत होता. दादाने मला सांगितलं, मी साहेबांना. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत चालवून घ्या. स्फोटानंतर तिसऱ्या दिवशी ते आपल्या घरी आले. तू आत आईपाशी होतीस. स्टुलावर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, कारखान्याला टाळं लागलं तर तीनशे घरं बसतील, आणि गेलेला काही परत येत नाही. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं की बॉयलर चालवणाऱ्या माझ्या मुलानेच व्हॉल्व्ह बांधून ठेवला. खाली मी सही केली. तीनशे घरांसाठी केली, असं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, आणि एवढा मोठा माणूस आपल्या स्टुलावर बसलाय याचंच मला अप्रूप वाटत होतं.

आई मुलाला दोषी समजूनच गेली. ते आता कुणालाच निस्तरता येणार नाही. त्या बाईला सांगायची हिंमत काल झाली नाही, उद्याही होणार नाही; मी मला ओळखतो. पण एक गोष्ट तुझी आहे, ती तुला मिळायला हवी. चौकशीच्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणालीस, दादा असं करणारच नाही, आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. आठवड्याने तू घर सोडलंस. तुझं बरोबर होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं.

अजूनही स्वतःला तुझाच म्हणवणारा,
बाबा